जेवायला आलेल्यांनी वाइनची बाटली आणली आणि आम्ही ती उघडलीच नाही, चुकलं का? (सांगली)

कृष्णाकाठची_सून

नमस्कार सगळ्यांना. जरा मोठं लिहितेय, पण आठवडाभर डोक्यात तेच घोळतंय म्हणून सगळंच सांगते, कुणीतरी नीट मार्ग सांगा.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, मी, मिस्टर, मुलगी आणि सासू-सासरे. सासरे म्हणजे आमचे आप्पा माळकरी आहेत, तीसेक वर्षं झाली गळ्यात माळ आहे, वारी चुकवत नाहीत, त्यामुळं घरात अंडंसुद्धा शिजत नाही, दारूचं तर नावच नाही. मिस्टर कधीतरी मित्रांबरोबर बाहेर घेतात, आप्पांना ते माहिती आहे पण त्यावर कधी बोलणं होत नाही, घरात आणायची नाही एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक आहे.

तर यांच्या ऑफिसात पुण्याहून बदली होऊन नवीन साहेब आलेत. गाव नवीन, ओळखी नाहीत, दोघंच नवरा-बायको, म्हणून मीच यांना म्हणलं की एकदा जेवायला बोलवू. शनिवार ठरला, रात्री आठला या म्हणून सांगितलं. मी आदल्या दिवसापासून तयारीला लागले, कृष्णाकाठची वांगी भरली, तीळ लावून बाजरीच्या भाकरी, मटकीची उसळ, मसालेभात, खर्डा, घरचं दही, आणि नरसोबाच्या वाडीची बासुंदी मुद्दाम मागवली. आप्पा साडेसातला जेवतात पण पाहुणे येणार म्हणून त्या दिवशी थांबले होते.

पावणेनऊला ते आले. दार मीच उघडलं. साहेबांनी हातात एक कागदी पिशवी दिली, आत वाइनची बाटली, चांगली थंडगार करून आणलेली, इतकी की बाटलीला दव सुटून पिशवीचा तळ ओला झालेला आणि माझी बोटंपण ओली झाली. ते म्हणाले, "थंडच आहे, लगेच उघडता येईल." मागं हॉलमध्ये आप्पा बसलेले. मला एकदम काय बोलावं तेच सुचेना, मी थँक्यू म्हणलं, हसले, आणि पिशवी घेऊन आत गेले. आधी ओट्यावर पिठाच्या डब्यामागं ठेवली, मग वाटलं आत्या, म्हणजे सासूबाई, पाणी घ्यायला आल्या तर बघतील, म्हणून बेडरूमच्या कपाटात साड्यांखाली ठेवून आले.

जेवण छान झालं, त्यांनी वांगी दोनदा मागून घेतली. पण साहेबांची नजर एकदोनदा स्वयंपाकघराकडं गेली ते मला कळलं. जाताना कुणी काही बोललं नाही.

चार दिवसांनी ऑफिसातल्याच दुसऱ्या एका वहिनींचा फोन आला, त्या बोलता बोलता म्हणाल्या की साहेबांच्या मिसेस म्हणत होत्या, आम्ही एवढ्या हौसेनं निवडून बाटली नेली, त्यांनी साधी बाहेरपण काढली नाही, बहुतेक आवडलं नसावं. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू, दोन दिवसाचा स्वयंपाक एकीकडं आणि ती बाटली एकीकडं. मिस्टर म्हणतात गच्चीवर नेऊन एकेक ग्लास दिला असता तर काय बिघडलं असतं. मला ते पटत नाही, आप्पा खाली बसलेत आणि आम्ही वर, असं कसं.

आता त्यांनी आम्हाला बोलवलंय, येत्या शनिवारी, "दोघंच या, निवांत बसू." म्हणजे तिथं वाइन असणार. मी घेत नाही, मिस्टर घेतील. मला विचारायचंय की आणलेली बाटली उघडायलाच लागते का, रीत काय आहे नक्की? आपणपण त्यांच्याकडं जाताना वाइनच न्यायची का, मला तर त्यातलं काही कळत नाही. समोर ग्लास ठेवला तर नाही कसं म्हणायचं की त्यांना परत वाईट वाटणार नाही? आणि कपाटात आहे तिचं काय करू, रोज साडी काढताना हाताला लागते.

तासगावचा_बागायतदार

वहिनी, पहिलं सांगतो, बाटली उघडली नाही यात तुमची चूक नाही. पाहुण्यानं बाटली दिली की ती यजमानाची झाली. उघडायची, ठेवायची, कुणाला द्यायची, त्यांची मर्जी. ही मी माझ्या मनानं सांगत नाही, वाइनच्या धंद्यातल्या लोकांत चार वर्षं उठबस केलीय म्हणून सांगतोय.

आमची बाग तासगाव तालुक्यात. २००१ ला सरकारनं द्राक्षापासून वाइन करायचं धोरण आणलं आणि आपल्याकडं पलूसला वाइन पार्क काढलं, तिकडं नाशिककडं विंचूरला, तेव्हा आमच्या वडिलांनी दीड एकर वाइनची जात लावली होती. ती द्राक्षं तुम्ही हातात घेतली तर म्हणाल ही कसली द्राक्षं, बारकी, साल जाड, आत बिया, पण गोडीला लई. खायचं द्राक्ष आपण १८ ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे गोडीचं माप) आसपास काढतो, हे २२-२४ पर्यंत वेलीवर ठेवायचं. पुढं मंदी आली, माल घ्यायला कोण नाही, आमच्या भागात बऱ्याच जणांनी त्या बागा काढल्या, आम्हीपण काढून परत थॉमसन, म्हणजे खायची जात, लावली. पण तेवढ्या काळात कंपन्यांची माणसं घरी यायची, जेवायची, बाटली घेऊन यायची. आमची आई वारकरी. ती माणसं बाटली देताना स्वतःच म्हणायची, "ही तुमच्यासाठी, आज उघडायची नाही, सवडीनं बघा." असं म्हणून देतात ती खरी पद्धत. तुमच्या साहेबांनी थंड करून आणली आणि लगेच उघडू म्हणाले म्हणजे ते तुमच्या जेवणाबरोबर प्यायच्या तयारीनं आले. त्यांनी तसं आधी विचारायला पाहिजे होतं. थंड बाटली हातात देणं म्हणजे यजमानाला उघडायला भाग पाडण्यासारखं होतं, त्यांच्या मनात तसं नसंल तरी.

आता ती बाटली. थंड करून आणली म्हणजे पांढरी किंवा रोझे (गुलाबी) असणार, लाल वाइन अशी गार करत नाहीत. एकदा गार होऊन परत नॉर्मलला आली म्हणून खराब होत नाही, भिऊ नका. बूच कॉर्कचं असेल तर आडवी ठेवा, बूच सुकत नाही. फिरकीचं झाकण असेल तर उभी ठेवली तरी चालतं, आपल्याकडच्या बऱ्याच पांढऱ्या वाइनला तेच असतं, त्यामुळं ओपनर नाही म्हणून अडत नाही. कपाट अंधारी आहे ते चांगलंच, पण मार्च लागायच्या आत काय ते करा, सांगलीच्या उन्हाळ्यात बंद खोलीत वाइनचं वाटोळं होतं. आणि फ्रीजवर कधी ठेवू नका, वर ऊब असती.

अजून एक, तुमच्या जेवणाबरोबर ती उघडली असती तरी कशी लागली असती सांगतो. खर्डा आणि लाल वाइन हे जमत नाही, तिखटावर ती तोंडात जाळ करती आणि कडवट लागती. आपल्या तिखटाला थोडी गोडसर पांढरी बरी, शेनिन ब्लांक वगैरे. हे मुद्दाम सांगतोय कारण तुम्ही त्यांच्याकडं जाणार आहात आणि विचारलं तर बोलायला होईल.

नेताना वाइन नेऊ नका. ज्यातलं आपल्याला कळत नाही ते कशाला न्यायचं. अर्धा किलो चांगला हिरवा बेदाणा न्या. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालंय, पुण्याच्या माणसाला तासगावचा ताजा बेदाणा म्हणजे काय ते कळू दे. घेताना मुठीत दाबून बघा, चिकट लागला नाही पाहिजे, देठ निघालेला पाहिजे, एकसारखा रंग. आणि डब्यात घालून द्या, पिशवीत नको.

मिरजेची_काकू

अगं पोरी, तू बाटली उघडली नाहीस ते बरोबर केलंस पण लपवलीस ते बरोबर केलं नाहीस. वरच्या दादांनी लिहिलंय ते वाइनचं खरं असेल, पण मी तुला घराचं सांगते.

पाहुण्यानं आणलेली वस्तू यजमानानं त्याच्यासमोर मानानं ठेवायची असते. फळं आणली तर टोपलीत काढून समोर ठेवतो, पेढे आणले तर आधी देवापुढं आणि मग सगळ्यांच्या हातावर. का, तर आणणाऱ्याला दिसावं की आपलं पोचलं. तुझ्याकडं ते शक्य नव्हतं हे मला कळतं, पण मग बोलायचं होतं. दारातच, हळू आवाजात, "अहो केवढं छान आणलंत, पण आमचे सासरे माळकरी आहेत, घरात उघडता येणार नाही, आम्ही जपून ठेवतो." एवढी दोन वाक्यं. वाईट वाटलं असतं का त्यांना? उलट तेच ओशाळले असते आणि तिथल्या तिथं विषय संपला असता. न बोलल्यामुळं ते घरी जाऊन काय काय विचार करत बसले आणि तू इकडं.

आणि त्याच्याही आधी, जेवायला बोलवताना सांगायचं. आमच्यात पूर्वीपासून पद्धत आहे, बोलावणं करतानाच दोन्हीकडून बोलून घ्यायचं. आपण विचारायचं की तुमचा कुठला वार आहे का, कांदा-लसूण चालतो का, कुणाचं पथ्य आहे का. आणि आपलंही सांगायचं, आमच्याकडं शाकाहारी आहे हो, वडीलधारी घरात आहेत. तू साहेबांना शाकाहारी आहे हे सांगितलं होतंस का? नुसतं जेवायला या म्हणलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटतं बसायला बोलवलंय. आपल्याकडं जेवायला म्हणजे ताटावर. शब्द एकच पण दोघांच्या डोक्यात वेगळं चित्र असतं.

गच्चीवर न्यायचं तुझ्या नवऱ्याच्या मनात आलं ते त्याला सांग की अजिबात नको. ज्या घरात माणूस माळ घालून बसलाय तिथं त्याच्या डोक्यावर बसून पिणं, आणि ते पण चोरून, पाहुण्याच्या पण मनाला लागलं असतं नंतर कळल्यावर.

उशिराचं पण लिहिते. आठ म्हणून सांगितलं आणि पावणेनऊला आले, म्हातारा माणूस उपाशी थांबला. यापुढं कुणी येणार असलं तरी आप्पांना त्यांच्या वेळेला वाढ. पाहुण्याबरोबर नुसतं ताटापाशी बसतील, एखादी बासुंदीची वाटी घेतील. माळकऱ्याला कुणी उपाशी ठेवून पंगत मोठी होत नाही.

बाटली परत त्यांच्याकडंच घेऊन जा असं मी म्हणेन. आधी फोन करून सांग आणि मगच ने. "तुम्ही प्रेमानं दिलेली आहे, आमच्या घरी उघडता येत नाही, तुमच्याकडं मिळून उघडू." यात काय कमीपणा नाही.

परतून_आलोय_सांगलीत

काकू, बाकी सगळं शंभर टक्के मान्य पण बाटली परत न्यायचं मला थोडं खटकतंय. मी जर्मनीत नऊ वर्षं होतो, आता मिरज रोडला आईवडिलांजवळ राहतो, तिकडं जेवायला बोलवलेल्यानं दिलेली भेट त्याच्याच घरी परत नेणं म्हणजे तुमची वस्तू नको असं होतं. फोन करून, त्यांनी आपणहून "या घेऊन" म्हणलं तरच न्या. नाहीतर ठेवा किंवा घेणाऱ्या एखाद्या मित्राला द्या.

ज्यांना वाटतं की बाटली आणली म्हणजे त्याच दिवशी उघडायलाच पाहिजे त्यांच्यासाठी लिहितो, कारण हे खूप लोकांना उलटं माहिती असतं. ज्या देशांत वाइन रोजच्या जेवणात आहे तिथं उलट पद्धत आहे. फ्रान्समध्ये यजमान स्वयंपाकाला जुळेल अशी वाइन आधीच ठरवून ठेवतो, त्यामुळं पाहुणे जास्त करून फुलं किंवा चॉकलेट नेतात, आणि बाटली नेलीच तरी ती त्या दिवशी उघडली नाही म्हणून कुणी मनात धरत नाही. जर्मनीत बाटली चालते, फुलंपण चालतात, फक्त फुलांचा बाहेरचा कागद दारात काढून मग हातात द्यायची. आणि वेळ. आठ म्हणजे आठ. मी पहिल्यांदा एका सहकाऱ्याकडं वीस मिनिटं उशिरा गेलो, ओव्हनमधलं जेवण गार झालेलं, त्या बाईंनी काही बोलून दाखवलं नाही पण ते ताट मला अजून दिसतं. तेव्हापासून उशीर होणार असेल तर मी पाच मिनिटांचासुद्धा फोन करतो, तुमच्या साहेबांनी तो करायला पाहिजे होता.

आता तुमचा खरा प्रश्न, नाही कसं म्हणायचं. सरळ. "मी घेत नाही, मला सरबत चालेल." बास. डॉक्टरनी सांगितलंय, औषध चालू आहे, उपास आहे, असं काही खोटं सांगू नका कारण पुढच्या वेळी परत नवीन शोधावं लागतं आणि समोरचा म्हणतो आज उपास नाही ना मग घ्या. कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो, नुसतं घेत नाही म्हणलं की चांगला यजमान थांबतो. तिकडं टोस्ट करताना एकमेकांच्या डोळ्यात बघून ग्लास लावतात, मी पाण्याचा ग्लास घेऊन लावणारे कितीतरी बघितलेत. तुम्ही सरबताचा ग्लास उचला, सोबत होते, तेवढंच हवं असतं समोरच्याला.

मिस्टरांसाठी. ७५० मिलीची बाटली असते, १५० मिलीचा एक ग्लास धरला तर पाच ग्लास होतात. चौघात एक बाटली आणि त्यात तुम्ही घेत नाही म्हणजे तिघात पाच ग्लास, आपल्या वाट्याचा अंदाज ठेवून घ्यावी, यजमानानं दुसरी उघडली तर प्रश्न नाही. ग्लास काठोकाठ भरत नाहीत, तिसरा हिस्सा भरतात, कमी दिली असं वाटून घेऊ नका. पांढरी असेल तर ग्लास दांडीला धरायचा, हाताच्या उबेनं गरम होते. आणि महत्त्वाचं, गाडी चालवत परत येऊ नका. शंभर मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याचं १८५ कलम लागतं, पहिल्या वेळेलाच १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वाइन आहे, दारू थोडीच, असं म्हणणारे खूप भेटतात, पण वाइनमध्ये १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, साध्या बिअरच्या दुपटीच्या वर. रिक्षानं जा किंवा तुम्ही स्कूटी चालवा.

साधा_सांगलीकर

मला हे पटत नाही. वाइन काय, दारू काय, जेवायला जाताना न्यायचीच कशाला. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय सरकारनं घेतला तेव्हा केवढा विरोध झाला, लोकांना ते नकोच होतं. माझ्या घरी वडील दारूपायी गेले. कुणी बाटली आणली तर मी दारातून परत देईन आणि माणसाला मात्र आत घेईन. आप्पांचं घर आहे, त्यात ताईंनी कुणाची माफी मागायची गरज नाही.

तासगावचा_बागायतदार

साधा_सांगलीकर दादा, तुमच्या घरचं वाचून वाईट वाटलं. तुमच्या घरात तुमचा नियम, आणि तो कुणीही पाळलाच पाहिजे, पाहुणा असला तरी. मी वाइन पिकवली तरी आमच्या आईच्या हयातीत घरात ग्लास लागला नाही. म्हणूनच म्हणतोय, आणणाऱ्यानं आधी विचारायचं. घरात कुणाच्या काय जखमा आहेत ते बाहेरून दिसत नाही.

दक्षिणभाग_जैन

विषय वाइनचा आहे पण "आधी विचारा" यावर मला पण लिहायचंय कारण आमच्या समाजाला हा त्रास नेहमी होतो आणि आपल्या जिल्ह्यात आम्ही काही थोडे नाही. आमच्या घरी सासू-सासरे सूर्यास्ताच्या आत जेवतात. आत्ता थंडीत सव्वासहाच्या सुमाराला दिवस मावळतो. कुणी रात्री आठला प्रेमानं बोलावलं की ते जातात, पण पाण्याच्या ग्लासापलीकडं काही घेत नाहीत, आणि यजमानाला वाटतं आमचं चाललं नाही. मागच्या वर्षी शेजारच्या एका वहिनींनी विचारलं आणि आम्हा सगळ्यांना साडेपाचला जेवायला बोलावलं. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा काही नाही, नुसत्या वालाच्या दाण्यांची उसळ, कोबी, वरण-भात, तव्यावरची गरम पोळी. सासूबाईंना त्या वहिनींचं एवढं कौतुक की अजून सांगतात. वेळ आमच्यासाठी बदलली हे त्यांच्या मनाला भिडलं.

कृष्णाकाठची_सून ताई, तुम्ही उलट बाजूनं तसंच करा. साहेबांच्या मिसेसना फोन करताना त्यांना पण विचारा की त्यांचं काय पथ्य आहे, त्यांना खर्डा झेपला का. नुसतं आपलंच सांगून थांबू नका.

सातारकर_पोस्टमास्तर

बेदाण्याबरोबर अर्धा किलो कंदी पेढे चालतील, कुणी साताऱ्याहून येणारं असेल तर मागवा. खरा कंदी पेढा दूध आटवून चांगला भाजलेला, तपकिरी, साखर कमी. तीनचार दिवस आरामात टिकतो त्यामुळं त्यांना त्याच रात्री संपवायची घाई नसते. जेवायला जाताना नेहमी टिकणारी वस्तू न्यावी असं माझं मत आहे. घरी केलेला ओला पदार्थ नेला की यजमानाला तो ताटात वाढावाच लागतो, आणि त्या बाईनं आपला बेत केलेला असतो.

मिरजेची_काकू

पोस्टमास्तर, लाखमोलाचं बोललात. आणि पोरी, जेवताना त्यांनी आग्रह केला तर एखादा पदार्थ थोडा जास्त घे, सगळ्यालाच नको नको म्हणू नकोस. वाइनला नाही म्हणायचंय ना, मग भाताला तरी हो म्हण. सगळंच नाकारलं की बनवणाऱ्या बाईचे हात गळतात. तू आग्रह करशील तेव्हा दोनदा कर, तिसऱ्यांदा ताटात वाढायला जाऊ नकोस.

कृष्णाकाठची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो, काय झालं ते लिहिते.

काकू, तुमचं वाचून मी बुधवारीच साहेबांच्या मिसेसना फोन केला. आधी त्यांचं विचारलं, खर्डा तिखट झाला का, काही पथ्य आहे का. त्या म्हणाल्या खर्डा इतका आवडला की त्यांनी घरी करून बघितला पण तसा झाला नाही. (मिरच्या तव्यावर तेलात भाजून, लसूण-दाणे घालून, मिक्सरला न लावता तव्यातच वाटीनं रगडायचा, हे मी त्यांना सांगितलं, त्या मिक्सरला लावत होत्या.) मग मी बाटलीचं सांगितलं. आप्पांच्या माळेचं, घरात उघडता आली नाही, आणि दारात मला बोलायला सुचलं नाही हेही. त्या थोडा वेळ गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "अहो, माळ मी बघितली होती, पण माझ्या डोक्यातच आलं नाही, मला कळायला पाहिजे होतं, आम्हीच विचारून आणायला पाहिजे होती." आणि त्यांनीच म्हणलं की ती घेऊन या, इथं उघडू. तेव्हा मी नेली. परतून_आलोय दादा, तुम्ही म्हणला तसंच झालं, त्यांच्या तोंडून आल्यावरच नेली.

बेदाणा मार्केट यार्डाजवळून घेतला, मुठीत दाबून बघितला, स्टीलच्या छोट्या डब्यात भरून दिला. आठला बोलवलं होतं, आठला पाच कमी असताना बेल वाजवली. सहा-सात तऱ्हेचं केलं होतं त्यांनी. मी दोनदा भात घेतला. ग्लास समोर आला तेव्हा मी म्हणलं, मी घेत नाही, त्या लगेच उठल्या आणि कोकम सरबत तसल्याच उंच दांडीच्या ग्लासात घालून आणलं, चौघांनी ग्लास लावले. मिस्टरांनी एक ग्लास घेतला. बेदाणा साहेबांनी तिथंच बशीत काढला, वाइनबरोबर खाल्ला, आणि तासगावच्या बागा बघायला जायचंय म्हणाले, बागायतदार दादा, छाटणी-काढणी कशी असते ते त्यांना बघायचंय. येताना रिक्षा केली.

आणि आप्पांचं. जायच्या आदल्या रात्री मिस्टरांनी स्वतः त्यांना सगळं सांगितलं, बाटली कपाटात आहे इथपासून. मी दाराआड उभी होते, छातीत धडधडत होतं. आप्पा म्हणाले, "त्यांनी प्रेमानं आणली, त्यांना काय माहिती आपल्या घरचं. उघडली नाही, बरं केलं. पण सूनबाईनं साड्यांत लपवायची वेळ का यावी, मी काय वाघ आहे? मला सांगितलं असतं तर मीच पाहुण्याला म्हणलो असतो, ठेवून घेतो, पण इथं चालत नाही." मग मला बोलावलं आणि म्हणाले, पुढच्या वेळी ते आले की मला माझ्या वेळेला वाढ, मी त्यांच्याबरोबर बासुंदी घेईन. काकू, मी तुमचं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

साधा_सांगलीकर दादा, तुमचं वाचल्यावर मी मिस्टरांशी बोलले, गच्चीचा विषय त्यांनी परत काढला नाही.

परत येताना त्यांनी केलेला गाजरहलवा माझ्याच डब्यात भरून दिला, आणि वर त्यांचा एक डबा, आप्पा-आत्यांसाठी वेगळा, कांदा-लसूण नसलेला पुलाव. तो डबा इथं ओट्यावर धुऊन ठेवलाय. संक्रांत परवा आहे, सकाळी गुळपोळ्या करून त्यातच भरून पाठवतेय, आणि हळदीकुंकवाला बोलावते त्यांना.